पिवळी नाव, घायपाताचा दोर

सुदाम, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी खोटं बोललो. म्हणजे जे बोललो ते खरंच होतं. तू वेळेवर यायचास, मशिनचा आवाज ऐकून बिघाड सांगायचास, भोंगा होण्याआधी तू कधी हात धुतले नाहीस. कारखान्यातला माणूस गेला की आम्ही एवढंच बोलतो. मांडवातल्या लोकांनी माना हलवल्या. कौसल्यावहिनी मात्र माझ्याकडे एकटक बघत होत्या, आणि मला वाटलं, यांना माहीत आहे. भन्तेजींच्या मागोमाग गाथा म्हणत त्या तांब्यातलं पाणी ताटलीत सोडत होत्या, तेव्हाही मला तेच वाटत होतं.

जे बोललो नाही ते आता लिहितो आहे. आधी ठरवलं होतं, तुला 'तुम्ही' म्हणायचं. तुझ्या तसबिरीखाली जन्मसाल होतं. त्यावरून कळलं की तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा होतास. अठरा वर्षं मी तुला 'अरे साळवे' म्हणून हाक मारली आणि तू मला 'पाठकसाहेब' म्हणालास. दोन ओळी 'तुम्ही' घालून लिहून पाहिल्या. मान खाली घालून, डोळे वर ठेवून केलेल्या नमस्कारासारख्या त्या दिसायला लागल्या. फाडून टाकल्या.

सगळं सुरू झालं स्वीडनमध्ये. खरं तर त्याच्या आदल्या दिवशी, मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. आपल्या नगरच्या कारखान्यात तिकडून नवीन मशिन यायचं होतं. ते चालवायला आणि दुरुस्त करायला शिकण्यासाठी दोघांना सहा आठवडे पाठवायचं ठरलं. हातांसाठी तू आणि कागदांसाठी मी. स्टोअर आणि पत्रव्यवहार माझ्याकडे, शिवाय इंग्रजी थोडं बरं. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. अशा दौऱ्यांवर गेलेली माणसं कधी कधी परत येत नाहीत म्हणाले, कधी कधी नको ते घेऊनही येतात. मग दार बंद आहे का ते पाहून म्हणाले, "पाठक, लक्ष ठेवा." कुणावर ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपण दोघंच जाणार होतो, त्यामुळे विचारायची गरजच पडली नाही.

तुला आठवतं का, पहिल्या दिवशी गोथेनबर्गला ट्राममध्ये बसल्यावर मी कंडक्टर शोधत होतो. गर्दीत उभे राहून लोक आपापलं कार्ड एका यंत्रात घालायचे, यंत्र खट्‌ करायचं, झालं. कोण घालतंय, कोण नाही, कुणी बघत नव्हतं. मी तुझ्या कानाशी म्हणालो, इथं कुठे तरी माणूस लपून बसलेला असणार. तू दोन स्टॉप विचार केलास आणि म्हणालास, "साहेब, माणूस लपवून ठिवायचा, तर त्याला कंडक्टरच करतील की. पगार तोच." तू हसलास. मला हसू आलं नाही. मला वाटलं, हा फार लवकर रुळतो आहे.

पुढे मला सगळ्याचाच संशय येत गेला. रात्रीचे दहा वाजले तरी खिडकीत ऊन, याचा. हॉटेलाबाहेर बाबागाड्यांत पोरं झोपवून आया आत निवांत कॉफी पीत बसायच्या, त्याचा. ज्या कार्डावर ट्राम त्याच कार्डावर समुद्रातल्या बेटांवर जाणारी बोट, हे तू मला दोनदा समजावून सांगितलंस, तरी बोटीवर चढताना मी कार्ड हातात उघडं धरून ठेवलं होतं, कुणी अडवलं तर दाखवायला. पहिल्या रविवारी आपण दोघं मिळून शहर बघितलं. काठावरच्या उंच टोकदार छपराच्या इमारतीत मी चर्च समजून शिरलो, टोपी काढली, आणि आत बर्फावर मासळी मांडलेली. तू दारातच उभा राहून पोट धरून हसत होतास. पुढे कॅन्टीनमध्ये ही गोष्ट तू सगळ्यांना सांगितलीस, पण माझं नाव न घालता. 'आमच्यातला एक जण' म्हणायचास. तेव्हाही मी विचार करत बसलो होतो की नाव का घातलं नाही, कशासाठी राखून ठेवलं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाही तर पुढे ती सांगायची टाळेन. आपल्या खोल्या वेगळ्या होत्या पण स्वयंपाकघर एक होतं. तुझी भाकरी तिथल्या पिठाची जमायची नाही, मग तू घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर त्यांचा काळा पाव खायचास आणि अर्धी चटणी माझ्यापुढे सरकवायचास. मी ती खायचो. पण पाण्याचा पेला मी माझा वेगळा ठेवला होता, खिडकीवर, त्याच्यावर बशी पालथी घालून. तुला म्हणालो होतो, मला सर्दी आहे. सहा आठवडे माझी सर्दी हटली नाही. तू एकदाही विचारलं नाहीस. शेवटच्या आठवड्यात एवढंच म्हणालास की या देशाची हवा तुम्हाला मानवलेली दिसत नाही.

दुसऱ्या शनिवारी कंपनीच्या लोकांनी आपल्याला डेन्मार्क दाखवायला नेलं. समुद्राच्या काठावर रेल्वे थांबली, आणि मग आख्खे डबे माणसांसकट जहाजाच्या पोटात शिरले. मी वरच्या मजल्यावर जाऊन कठड्याशी फोटो काढून घेतला. तू नव्हतास. पलीकडचा किल्ला दिसायला लागला तरी नव्हतास. पुढे दुसरा देश, दुसरा धक्का, हा उतरून गेला तर मी साहेबांना काय सांगू? जहाज लागायच्या वेळी तू वर आलास, बाह्यांना वंगण लागलेलं, चेहरा जत्रेतून आल्यासारखा. खालच्या माणसाने डबे साखळीने कसे बांधतात ते दाखवलं म्हणालास. मी म्हणालो, तुला खाली जायची परवानगी कुणी दिली? तू म्हणालास, "इचारलं, त्यानं ये म्हनलं." मला ते उत्तर पुरलं नाही. इतकं सोपं काही असतं यावर माझा विश्वास नव्हता.

तिसऱ्या रविवारपासून तू एकटा जायला लागलास. सकाळी पावाचे तुकडे कागदात बांधून, ती तपकिरी पुठ्ठ्याची वही बगलेत मारून. पहिल्या खेपेला संध्याकाळी आलास ते उड्या मारतच. म्हणालास, "साहेब, पुढच्या आयतवारी चला. एक गंमत दावतो. नगरला जाऊन सांगितली तर कुनाला खरी वाटनार न्हाई." मी म्हणालो, मला संग्रहालय बघायचं आहे. खरं तर मला भीती वाटली होती की तू मला कशात तरी ओढतो आहेस. उद्या काही उघडकीला आलं तर म्हणशील, पाठकसाहेबही होते.

मी संग्रहालय पाहिलं. गुलाबांची बाग पाहिली. बंदरात उभं ठेवलेलं जुनं शिडाचं जहाज पाहिलं. सगळीकडे मी घड्याळ बघत उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं की तू आत्ता कुठे असशील. सहा आठवड्यांत स्वीडन मी इतकंच पाहिलं.

पाचव्या रविवारी मी तुझ्या मागे निघालो. हे तुला माहीत होतं, हे मला आता माहीत आहे, पण त्या दिवशी मी स्वतःला फार हुशार समजत होतो. तू बसच्या पुढच्या दाराने चढलास, मी मागच्या. छत्री तोंडापुढे धरली होती, पाऊस नव्हता तरी. शहर संपलं, मग शेतं, लाल रंगाची लाकडी घरं, मग तीही संपली. एका वळणावर पुढची माणसं उतरताना दिसली, त्यांत तुझं निळं जर्किन दिसलं म्हणून मी घाईने मागून उतरलो. बस निघून गेली. निळं जर्किन घातलेली ती एक बाई होती.

त्या थांब्यावर मी पावणेदोन तास उभा होतो. वारा असा की डोळ्यांतून पाणी. पाटीवर लिहिलेलं एक अक्षर कळत नव्हतं. लांबवर एक ट्रॅक्टर होता, त्याच्याकडे जायचा धीर होईना. चोरून आलेल्या माणसाला वाट विचारणंही जड जातं. मग एक जुनी मोटार समोर येऊन थांबली. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा चालवत होता आणि शेजारी तू. तू काच खाली केलीस.

"आयतवारी बस तीनच असत्यात, साहेब. हितं उतरलात ते बरं न्हाई केलं."

मी दार उघडलं. मागे बसलो. थोड्या वेळाने तू मान न वळवता विचारलंस, "फिराया आला हुता?"

"हो," मी म्हणालो.

"मग बरंय."

'मग बरंय' हे दोन शब्द मी सहा वर्षं उलटसुलट करून पाहिले आहेत. त्यात टोमणा आहे का, दया आहे का, की फक्त थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला दिलेली सुटका आहे. बसमध्ये मी चढलो ते तू पाहिलं होतंस, नाही तर मला शोधायला मोटार घेऊन कसा आला असतास?

तू म्हातारबुवांची ओळख करून दिलीस. त्यांचं नाव लार्स. म्हणालास, यांना इंग्रजी माझ्याइतकंच येतं म्हणून आमचं चांगलं जमतं, पेन्सिलीवर भागतं. मग म्हणालास की ती जागा पाच मिनिटांवर आहे, आलाच आहात तर बघून जाऊ. लार्ससुद्धा मागे वळून हाताने काही तरी ओढल्याची खूण करत हसत होता. मी म्हणालो, मला बरं वाटत नाही, मला परत सोडा. तू त्याला सांगितलंस. त्याने मोटार वळवली.

माझ्या शेजारी सीटवर तुझी वही उघडी पडली होती. पानभर आकृत्या. एक पिंपासारखा गोल, त्याला गुंडाळलेला दोर, बाण, मापं, आणि कडेला कुठल्याशा परक्या अक्षरातले शब्द. तू एक शब्दही न लपवता ती वही तिथं टाकली होतीस. मी मात्र ती चोरून पाहिली, आणि मनात म्हणालो, सापडलं.

नगरला परत आल्यावर मी साहेबांना सांगितलं. लेखी नाही दिलं, तेवढा मी सावध होतो. साळवे दर रविवारी एका स्थानिक माणसाला भेटायचा, म्हणालो, आणि त्याच्या वहीत नकाशे आहेत. साहेब फक्त 'हं' म्हणाले. दुसऱ्या आठवड्यापासून गेटवर तुझी झडती बाजूला घेऊन व्हायला लागली. डबा उघडायचा, डब्याची झाकणं उघडायची. पुढच्या वर्षी फोरमनची जागा निघाली ती तुला मिळाली नाही. नव्या मशिनवर कुणाला काही अडलं तर मात्र तुलाच बोलवायचे.

दोन महिन्यांनी तुझा अर्ज माझ्या टेबलावर आला. शेडमधल्या क्रेनचा जुना वायररोप उतरवून मागच्या बाजूला टाकलेला होता. भंगारातच जायचा होता. तू लिहिलं होतंस, 'सदर वायररोप गावच्या कामासाठी मिळावा ही नम्र विनंती.' गावाचं कोणतं काम ते लिहिलं नव्हतंस. तू येऊन सांगणार असशील. मी बोलावलं नाही. खाली शेरा मारला: 'अर्जदाराचा हेतू स्पष्ट नाही. परदेशातील वर्तन पाहता शिफारस नाही.' सही केली, तारीख घातली, टपालात टाकला.

काही दिवसांनी तू स्टोअरच्या खिडकीशी आलास. अर्ज कुणाकडे अडकला ते विचारलंस. मी म्हणालो, "वर."

"वर म्हंजे लई वर?" तू आभाळाकडे बोट केलंस आणि हसलास. मीही हसलो. तो वायररोप पुढचा पावसाळाभर शेडमागे गंजत पडला आणि मग भंगाराच्या ट्रकमधून गेला. ट्रकच्या गेटपासवर माझीच सही आहे.

आपला एक वाद अर्धा राहिला, सुदाम. कॅन्टीनच्या कडुनिंबाखाली तो किती तरी वेळा झाला. तू म्हणायचास, तिकडं आधी विश्वास ठेवतात आणि माणूस चुकला तर मग बघतात. आपल्याकडं आधी तपासणी. मी म्हणायचो, त्यांची माणसं थोडी, पोटं भरलेली, आपल्याकडे तसं करून चालेल का? एस.टी.त उद्या कंडक्टर काढून टाकला तर तिकीट कोण काढेल? तू म्हणायचास, मी काढीन, तुम्ही काढाल, झाले दोघं. एकदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, झडती आहे म्हणून कारखाना टिकलाय. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"साहेब, तुमची झडती कधी हुती?"

ऑफिसच्या लोकांची झडती होत नाही. मी म्हणालो, हा प्रश्न वेगळा आहे. भोंगा झाला आणि तू उठून गेलास. पुढे तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. उत्तर तेव्हाही माझ्याकडे होतं. त्या वहीच्या जागी माझ्या नात्यातल्या कुणाची वही असती तर मी ती कौतुकाने चाळली असती, आणि म्हणालो असतो, पोरगा चौकस आहे. साहेब 'लक्ष ठेवा' म्हणाले खरे, पण ती सोय माझ्यात आधीपासून तयार होती. बशी पालथी घातलेल्या पेल्यासारखी.

आणखी एक. दर वर्षी दिवाळी झाली की तू चार दिवस रजा घ्यायचास. कारणाच्या रकान्यात 'घरगुती'. दर वर्षी तेच चार दिवस. परत यायचास तेव्हा तळहात सोललेले असायचे, पट्ट्या बांधलेल्या. मी त्याचीही मनात नोंद ठेवली होती. कुठे तरी दुसरीकडे काम करतो, असं धरून चाललो होतो. शतक संपत आलं तरी माझा हिशेब तोच.

आता पुण्यानुमोदनाच्या दिवसाचं, तुझ्या गावचं सांगतो. मांडवातली माणसं पांगली. मी निघणार, तर कौसल्यावहिनींनी थांबवलं. हातात खिरीचा डबा दिला. म्हणाल्या, नणंद अक्का पलीकडच्या काठाला आहेत, गुडघे धरलेत, त्यांना येता आलं नाही, एवढं त्यांना पोचवा. मी म्हणालो, मी कसा जाणार, मला वाट माहीत नाही. त्या म्हणाल्या, "वाट कुटं चुकायची न्हाई. दोर धरा. तुमी अजून बसला न्हाईत ना त्येच्यात."

त्यांचा तो 'अजून' ऐकून मी डबा दोन्ही हातांनी धरला. पुन्हा तोच विचार आला, या मला मुद्दाम पाठवताहेत.

बाभळींतून खाली उतरलो आणि पाहिलं. मुळा धरणाच्या फुगवट्याची एक बोळ तिथं आत शिरली आहे. या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावर दोर ताणलेला, आणि त्यावर फिरणाऱ्या दोन कप्प्यांनी अडकवलेला तराफा. चार रिकामी पिंपं, वर फळ्या, बाजूला कठडा. फळ्यांना पिवळा रंग.

तुझी थोरली मुलगी प्रज्ञा माझ्याबरोबर आली होती. तिनेच सगळं सांगितलं. धरण होण्याआधी तिची आजी, म्हणजे तुझी आई, आणि तिची अक्कात्या समोरासमोर राहायच्या. नदीच्या वाळूतून चालत गेलं की झालं, हाक मारली तर ऐकू जायची. पाणी चढलं आणि पस्तीस किलोमीटरचा वळसा पडला. लोक गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून पलीकडे जायचे. आजी पाण्याला भ्यायची, ती कधी बसली नाही. कित्येक वर्षं आजीने लेकीला नुसतं लांबून पाहिलं. मग अप्पा परदेशातून आले, म्हणाली, आणि म्हणाले की तिकडे सरकारची पिवळी नाव आहे, वल्हं नाही, सुकाणू नाही, या काठावरून त्या काठावर दोराला धरून जाते, मोटार घेऊन बसा नाही तर म्हातारीला घेऊन, कुणी तिकीट मागत नाही. लार्स ती नाव चालवायचा.

ही तुझी गंमत होती. पाच मिनिटांवर होती. मला बरं वाटत नव्हतं.

मी फळ्यांवर उभा राहिलो आणि दोर ओढायला लागलो. तराफा हलला. ओल्या घायपाताची कुसळं तळहातात शिरली, आणि त्या चार दिवसांच्या रजेनंतरचे तुझे पट्ट्या बांधलेले हात मला आठवले. प्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, हा दोर पाण्यात कुजतो, वर्षभरच टिकतो. दिवाळी झाली की अप्पा आणि गावातली चार माणसं घायपाताची पानं भिजवून, झोडून, वाक म्हणजे तंतू काढून नवा वळतात. वायररोप असता तर पंधरा वर्षं बघायला नको, असं अप्पा म्हणायचे. ती हे सरळपणे म्हणाली. निदान मला तसं वाटलं. मधल्या भागात दोराचे दोन पदर सुटलेले दिसत होते.

अक्का काठावरच्या दगडावर बसल्या होत्या. खीर घेतली, बाजूला ठेवली. मी कोण ते विचारलं. नाव सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्रज्ञाला घरातून पत्र्याची पेटी आणायला सांगितली. पेटीतून ती तपकिरी वही निघाली. "दोराचं समदं ह्येच्यात लिवायचा," त्या म्हणाल्या, "म्हनून हितंच ठिवायचा." मग शेवटच्या पानांत चिकटवलेला एक कागद पुढे केला. "ह्यो तुमच्या हातचा कागद हाय म्हनायचा. आमाला वाचाया येत न्हाई. पोरीला इचारलं तर ती म्हनती, अप्पानं न्हाई म्हनलंय वाचाया. तो म्हनला हुता, साहेब आले तर वाचून दावतील. न्हाई आले तर ऱ्हाऊ दे."

तो तुझा अर्ज होता. मूळ कागद, माझ्या शेऱ्यासकट, भाताच्या खळीने चिकटवलेला. नामंजूर अर्ज अर्जदाराला मूळ प्रतीत परत करावा, हा स्टोअरचा नियम मीच केला होता, फायली फुगू नयेत म्हणून. सहा वर्षं मी स्वतःला सांगत होतो की शिपायाने तुला फक्त 'नाही' कळवलं असेल. स्टोअरच्या खिडकीशी उभा राहून आभाळाकडे बोट दाखवलंस, तेव्हा हा कागद बहुधा तुझ्या खिशात होता.

आणि शेऱ्याखाली, त्याच पानावर, तुझं अक्षर होतं: 'वायर नाही. मग घायपात. पाच पदरी. दर वर्षी बदलणे.' त्याखाली सहा वर्षांच्या सहा ओळी, किती हात लांब, कुठे झिजला, कोण कोण आलं. माझ्याविषयी एक शब्द नाही. तुटलेल्या भागाची नोंद करावी तशी तू माझी नोंद केली होतीस आणि पुढच्या कामाला लागला होतास.

मी अर्ज वाचला. आवाज ठीक होता. नम्र विनंतीपाशी थांबलो. अक्का म्हणाल्या, "खालचं?"

मला अजूनही वाटतं, सुदाम, हे सगळं तू मांडून ठेवलं होतंस. वही पलीकडे ठेवलीस, पोरीला वाचायला बंदी केलीस, म्हणजे मला दोर ओढत यावं लागेल. हा सापळा होता का? की तिकडच्या ट्रामसारखं होतं, कुणी तपासत नाही, कार्ड घालायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं? मी ठरवू शकलेलो नाही. पण दोन्हीकडे यंत्र माझ्यासमोर होतं आणि मागे कुणी बघत नव्हतं.

मी खालचं वाचलं. 'परदेशातील वर्तन पाहता' इथे प्रज्ञाने मान वर केली. सहीसकट, तारखेसकट वाचलं.

अक्कांनी पाण्यावरच्या दोराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे दोर तुमी न्हाई दिला."

"मी नाही दिला."

"आईला कळलं असतं तर शिव्या घातल्या असत्या तुमाला. लई तोंडाळ हुती." एवढंच. मग त्यांनी खिरीच्या डब्याचं झाकण काढलं, झाकणातच खीर ओतली आणि माझ्यापुढे केली. तांब्यातून पाणी दिलं, पेला एकच होता, त्यांच्या तोंडचा. मी प्यालो. यात मला काही मिळालं असं मी म्हणत नाही. सहा आठवडे खिडकीवर पालथ्या बशीखाली ठेवलेला तो पेला मला दिसत होता आणि तो अजून तिथंच आहे.

उठताना अक्कांनी सुटलेल्या पदरांकडे बोट केलं. दिवाळी झाली की बदलायला हवा म्हणाल्या. परत येताना मी अंदाजाने दोराचे पदर मोजत आलो. पाच होते, त्यातले तीन धड.

आज सकाळी मी रजेचा अर्ज भरला. दिवाळीनंतरचे चार दिवस, तुझेच. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या रकान्यांत शेरे मारले, स्वतःचा रकाना भरायला वेळ लागला. 'घरगुती' लिहून मोकळं होता आलं असतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'घायपाताचा दोर वळण्यासाठी.' मॅनेजरसाहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो, सुदाम. त्यांना संशय आला आहे.